आठ आण्यांचा कुत्रा

आमच्या शाळेच्या कार्यालयात हजेरीपटांचे एक कपाट आहे. त्याच्या सर्वांत वरच्या फळीवर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. डब्यात पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, एका बाजूला कन्नडमध्ये आणि दुसऱ्या बाजूला मराठीत छापलेल्या. मजकूर दोन ओळींचा. ही चिठ्ठी घेऊन येणाऱ्याच्या एका कुत्र्याची नसबंदी करावी व त्याला रेबीजची लस टोचावी. शंभर रुपये मालकाने द्यावेत, उरलेले गावाच्या वर्गणीतून मिळतील. खाली माझी सही. शाळेचा या उद्योगाशी कागदोपत्री काही संबंध नाही. डबा इथे एवढ्याचसाठी, की गुंदसारख्या विखुरलेल्या गावात सगळ्या वाड्यांवरची माणसे कधी ना कधी येतात अशी जागा शाळेखेरीज दुसरी नाही.

एका हायस्कूलच्या हेडमास्तराने पन्नाशी उलटल्यावर कुत्र्यांच्या मागे का लागावे, असे वाचकांना वाटेल. गावालाही वाटले. चहाच्या टपरीवर माझे जे नामकरण झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण मी धारवाडला इतिहास घेऊन एम. ए. केलेला माणूस. हातातल्या गोष्टीचा मागचा धागा सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. चिठ्ठ्या छापण्याआधी मी हा धागा मागे मागे ओढत गेलो, तो थेट १८३२ सालच्या मुंबईपर्यंत पोचला. आपल्याला मुंबई परकी नाही. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ पर्यंत तिथेच होता. आमच्या पणजोबांचे सरकार मुंबईचेच.

तर १८३२. मुंबईच्या कोटात मोकाट कुत्री फार झाली होती. १८१३ च्या एका नियमाने पोलिसांना वर्षातल्या ठराविक दिवसांत अशी कुत्री मारण्याची मुभा होती. त्या साली मॅजिस्ट्रेटने ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. आठ आणे म्हणजे त्या काळी गरिबाच्या घरी काही दिवस चूल पेटण्याची सोय. मग व्हायचे ते झाले. मोकाट कोणता आणि पाळलेला कोणता हे बघत बसायला बक्षीसवाल्यांना सवड नव्हती. पिसाळलेला कुत्रा शोधत हिंडण्यापेक्षा कोणाच्या तरी ओट्यावर गाढ झोपलेला कुत्रा उचलणे सोपे, आणि पैसे दोन्हीचे सारखेच. घरांच्या आवारांतूनही कुत्री ओढून नेली जाऊ लागली.

पारशी लोकांत कुत्र्याला धर्मात स्थान आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे. ६ जूनला, त्यांच्या पवित्र दिवशीच, पारशी वस्तीजवळ कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. पारशांबरोबर जैन होते, वैष्णव होते. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद. किल्ल्यात आणि कुलाब्याच्या छावणीत जाणारा खाण्यापिण्याचा माल रस्त्यातच अडवला गेला. शेवटी लष्कर बोलवावे लागले. मुंबईच्या इंग्रजी अमदानीतली पहिली मोठी दंगल म्हणून हिची नोंद होते, आणि ती झाली कुत्र्यांवरून! प्रतिष्ठित पारशी मंडळींनी मग सरकारशी बोलणी केली. जमशेटजी जीजीभाई त्यांच्यात होते. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजींनी आणि जैन सावकारांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढला. तो आज गाईगुरांसाठी ओळखला जातो, पण त्याच्या जन्माशी कुत्र्यांचा मोठा संबंध आहे.

मला या दंगलीपेक्षा ते आठ आणे जास्त विचार करायला लावतात. एखाद्या कामाचे पैसे नगावर दिले की माणूस काम विसरतो आणि नग मोजू लागतो. १९०२ साली हानोईत फ्रेंच सरकारने उंदीर मारायला शेपटीमागे पैसे देण्याची योजना काढली. थोड्याच दिवसांत गावात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपूट तेवढे कापून घेत आणि उंदराला पुढची पैदास करायला सोडून देत. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले खो खो हसतात. मला मात्र आमच्या खात्याचे पटनोंदणीचे तक्ते आठवतात. असो.

आपल्या लोकांचे कुत्र्याशी नाते तसे दुटप्पीच. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या कीर्तनांत, आणि धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही न सोडलेला तो कुत्रा. आणि तोंडात म्हण कोणती? भीक नको, पण कुत्रा आवर! घरी पहिली भाकरी कुत्र्याला टाकणारी बाईच पिल्ले झाली की पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडून येते. आमच्या भागात तर वेशीपलीकडे जंगलच आहे. पिल्ले जंगलाच्या कडेला सोडली की पुढचे बिबट्या बघून घेतो, असा हिशोब.

हा हिशोब अगदीच चुकीचा नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांची विष्ठा तपासली. त्यांच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा, ‘मास्तर, कुत्री कमी करायला वाघ आहे ना, तुमची चिठ्ठी कशाला?’ असे एका शेतकऱ्याने मला विचारले तेव्हा मी एकदम उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर नंतर घरी येताना सुचले. कुत्र्याच्या मागे आलेला बिबट्या गोठ्याच्या दारापर्यंत येतो, आणि गोठ्यात वासरू असते. शिवाय कुत्र्यांचे रोग जंगलात जातात. आमचा तालुका काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. कुत्र्यांमधला डिस्टेंपर वाघ-बिबट्यांनाही होतो.

आता जे सांगायचे ते सांगतो. थोडे जड जाते.

मी चौथीत होतो, साधारण १९८० सालची गोष्ट. माझ्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाला कुत्रा चावला. पोटरीला, फार खोलही नाही. घरच्यांनी तिखट आणि चुना भरला, एका जाणत्याकडून औषध आणले, पथ्य पाळले. सरकारी दवाखान्यात न्यायचे तर पोटात चौदा सुया. त्या काळी सगळ्यांना त्या चौदा सुयांचीच भीती जास्त. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी ही लस सर डेव्हिड सेंपल यांनी कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये १९११ च्या सुमारास सिद्ध केली. पाश्चरांनी १८८५ साली पॅरिसमध्ये पहिल्या मुलाला लस टोचली, १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला संस्था निघाल्या, म्हणजे ज्ञान आपल्याकडे काही फार उशिरा पोचले नव्हते. पण ही वेदनेची, कधी कधी अपायही करणारी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत चालू राहिली. आता दंडात चार-पाच टोचण्या असतात, आणि चावल्याबरोबर साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हे निम्मे औषध. त्या वेळी आमच्या वाडीत हे सांगणारे कोणी नव्हते. दोन महिन्यांनी तो मुलगा शाळेत यायचा थांबला. त्याच्या घरासमोरून जायला आम्हांला बंदी होती. तरी मी एकदा गेलो. आतून पाण्याचा तांब्या आपटल्याचा आवाज आला तो अजून कानात आहे. याहून जास्त लिहीत नाही.

त्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी मी दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होतो. शाळेच्या व्हरांड्यात कुत्री वावरत. एका मुलीला कुत्रा चावला. पालक चिडले. सभेत ठराव वगैरे काही झाला नाही, पण गावातल्या एकाने काजऱ्याच्या बिया आहेत म्हणून सांगितले, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण शाळा माझ्या ताब्यात होती. मी मान हलवली. काजरा म्हणजे कुचला. आमच्या रानांत त्याची झाडे हवी तेवढी, वाटोळ्या फळांत करड्या चपट्या बिया. स्ट्रिक्निन हे विष याच बियांत असते, आणि आपल्या देशातल्या कित्येक नगरपालिकांनी वर्षानुवर्षे तेच वापरले. सकाळी शाळेच्या पटांगणात सहा कुत्री ताठरून पडली होती. त्यांतली एक मुलांच्या डब्यातले खाऊन वाढलेली होती आणि तिला मुलांनी नाव ठेवलेले होते. मुलांनी प्रार्थना म्हटली नाही. मी रागावलो नाही.

आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच पटांगणात सात नवी कुत्री आलेली होती.

ही सात कुत्री कुठून आली ते मला फार उशिरा कळले. गावातले उकिरडे, खानावळीमागचे खरकटे, मुलांच्या डब्यांतले उरलेले, यांवर एका जागी ठराविक कुत्री जगू शकतात. तिथली मारली की जागा रिकामी होते आणि शेजारची कुत्री ती भरतात. मादी वर्षाच्या आत वयात येते, साधारण ६३ दिवसांत विते, वर्षातून दोनदा विऊ शकते. जी उरतात त्यांच्या पिल्लांना खायला भरपूर. मद्रास शहराचे उदाहरण बोलके आहे. तिथे १९५९ साली कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी ब्लू क्रॉस ही संस्था काढली. त्यांचे चिरंजीव डॉ. चिन्नी कृष्णा यांनी महापालिकेचे जुने आकडे काढून दाखवले, की १८६० च्या सुमारास दिवसाला एकसुद्धा कुत्रा मारला जात नव्हता आणि १९९५ मध्ये दिवसाला १३५ मारले जात होते. सव्वाशे वर्षे मारूनही मारायला उरतातच, तर उपाय कुठेतरी चुकतो आहे, असे त्यांचे म्हणणे. शस्त्रक्रिया करून सोडण्याचा त्यांचा आग्रह १९६४ पासूनचा. मद्रास महापालिकेने तो मनावर घ्यायला १९९६ साल उजाडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही १९९२ च्या अहवालात लिहिले, की कुत्री नष्ट केल्याने त्यांची संख्या किंवा रेबीजचा प्रसार लक्षणीय कमी झाल्याचा पुरावा कुठेही नाही. मी मान हलवली ती यानंतर पाच वर्षांनी. खेड्यातल्या मास्तराच्या टेबलावर असे अहवाल येत नाहीत.

मुंबईत तर विजेचा धक्का देऊन कुत्री मारीत. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधाचा १९६० चा कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीतून झाला, पण त्याच कायद्यात मोकाट कुत्री ‘लीथल चेंबर’मध्ये मारण्याला सवलत ठेवलेली होती. १९९४ साली मुंबई महापालिकेने मारणे थांबवले आणि संस्थांच्या मदतीने नसबंदी सुरू झाली. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि डिसेंबर २००१ मध्ये केंद्राने देशभरासाठी नियम केले. पकडायचे, शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून पकडले तिथेच सोडायचे. १८३२ मध्ये आठ आणे मारण्याचे मिळत. आता प्राणी कल्याण मंडळाकडून संस्थांना कुत्र्यामागे ४४५ रुपये मिळू लागले, ते न मारण्याचे. दर पुढे वाढला.

पण नगावर पैसे आले, की हानोईची शेपटीही येतेच. हे मंडळालाही ठाऊक असावे, कारण हिशोब तपासण्यासाठी काढलेले अवयव औषधात बुडवून ठेवायचे आणि समितीने ते मोजायचे असा नियम झाला. बरण्यांतले गर्भाशय नि वृषण मोजत बसलेले अधिकारी डोळ्यांपुढे आणा! हसू येते, पण यापेक्षा चांगली पावती मला तरी सुचत नाही.

या सगळ्यात आमच्या गुंदचे काय? २००१ च्या नियमांत कुत्र्यांचे दोन प्रकार आहेत, पाळलेले आणि रस्त्यावरचे. पाळलेल्याची जबाबदारी मालकाची, रस्त्यावरच्याची स्थानिक संस्थेची. २०२३ च्या नव्या नियमांतही हीच विभागणी आहे. आमच्याकडे मात्र तिसराच प्रकार. सुपारीच्या बागेत रानडुक्कर येऊ नये, माकडे येऊ नयेत म्हणून घरटी दोन-तीन कुत्री. त्यांना साखळी नाही, पट्टा नाही. खायला घरी, बाकी दिवस गावभर. चावला नाही तोवर ‘आमचा’, चावला की ‘रस्त्यावरचा’. पकडून नेणारी गाडी इथवर येणार कुठून? आणि आलीच तर बागवाला म्हणेल, हा माझा आहे, हात लावू नका. अशा कुत्र्याला मालकानेच दवाखान्यात नेले पाहिजे. ते तो नेत नाही, कारण पैसे आणि जीपचे भाडे.

यावरची युक्ती मला अमेरिकेत सापडली. न्यूयॉर्कमध्ये १९५७ साली अ‍ॅलिस हेरिंग्टन या बाईंनी ‘फ्रेंड्स ऑफ अ‍ॅनिमल्स’ ही संस्था काढली. तिने कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी प्रमाणपत्रे विकायला सुरुवात केली. मालकाने थोड्या पैशांत प्रमाणपत्र घ्यायचे, ठरलेल्या डॉक्टरकडे ते द्यायचे आणि शस्त्रक्रिया करून घ्यायची. पुढे १९७१ मध्ये लॉस एंजेलिसच्या नगरपालिकेने स्वतःचे स्वस्त शस्त्रक्रिया केंद्रच उघडले. प्रमाणपत्रातली खुबी अशी, की पैसे कुत्रा पकडणाऱ्याला मिळत नाहीत. कुत्रा आणणारा त्याचा मालकच असतो आणि तो स्वतः थोडी पदरझळ सोसून आलेला असतो. दुसऱ्याच्या ओट्यावरचा कुत्रा उचलण्यात कोणाचा फायदा नाही. आठ आण्यांचा दोष तेवढा निघून जातो. आमची पिवळी चिठ्ठी ही तीच.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आम्ही बसलो. आमचे विज्ञानाचे शिक्षक, एक हव्यक बागायतदार, दूध घालणाऱ्या दोन बायका, एक निवृत्त वनरक्षक आणि मी. बैठकीची भाषा नेहमीसारखी अर्धी कन्नड, अर्धी कोंकणी, आणि वाद चढला की मराठी. तालुक्याबाहेरचे एक खासगी पशुवैद्य कमी दरात करायला तयार होते. वर्गणी जमली. अडचण आली ती शब्दाची.

‘नसबंदी’ म्हटल्याबरोबर कोपऱ्यात बसलेले एक आजोबा उठले. ‘आणीबाणीत माणसं धरून नेली, आता कुत्री नेणार?’ म्हणाले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक माणसांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यातही माणसी पैसे होते आणि कर्मचाऱ्यांना ठरवून दिलेले आकडे होते. शिक्षकांनाही होते, माझ्या आधीच्या पिढीतले शिक्षक ते अजून दबक्या आवाजात सांगतात. खरे तर याच दोन प्रांतांत संततिनियमनाची सुरुवात किती शहाणपणाने झाली होती. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र काढले ते पदरमोड करून, नोकरी गमावण्याची तयारी ठेवून. आणि १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी दवाखान्यांतून सल्ला देण्याचे ठरवले. तिथे बळजबरी नव्हती. शब्द पुढे आणीबाणीने नासवला. आम्ही चिठ्ठीवर शब्द ठेवला, पण बोलताना ‘पिल्लं न होण्याचं ऑपरेशन’ म्हणायला लागलो.

गंमत अशी, की हीच माणसे खोंड बडवतात. पूर्वी दगडावर ठेचत, आता बर्डिझोचा चिमटा आला. बैल खच्ची केल्याशिवाय नांगराला चालत नाही हे सगळ्यांना पटलेले. पण कुत्र्याचे नाव काढले, की ‘मुक्या जिवाला कशाला’, ‘मग तो राखण करील का’, ‘देवाची करणी’. एका काकूंनी सर्वांत खरा प्रश्न विचारला. ‘मास्तर, एकदा तरी विऊ दे ना तिला. तिची हौस?’ यावर विज्ञानाचे शिक्षक गप्प राहिले. मीही. दूध घालणाऱ्या एका बाईनेच उत्तर दिले. ‘हौस तिची, आणि पोतं घेऊन वेशीवर जायचं ते मी.’

पहिल्या खेपेला अकरा चिठ्ठ्या गेल्या होत्या. जीपपाशी सातच जण आले. एक कुत्रा रस्त्यातच दोरी चावून पळाला. त्याचा मालक शंभर रुपये परत मागत होता, ते दिले. सहा ऑपरेशने झाली. त्यांतल्या एका मादीचे टाके चौथ्या दिवशी सुटले, कारण तिला घरी आणल्या दिवसापासून मोकळे सोडले होते. जखम चिघळली आणि ती गेली. दोष कोणाचा म्हणावा? आम्ही दहा दिवस बांधून ठेवा असे सांगितले होते, पण ज्या घरात साखळीच नाही तिथे ते सांगून भागत नाही, हे आम्हांला सुचले नाही. मी त्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलीने मात्र मला विचारले, ‘सर, तुम्ही सांगितलं म्हणून नेली होती ना?’ त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीबरोबर एक साखळी आणि दहा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या असे ठरले, आणि दहा दिवस रोज एक विद्यार्थी जाऊन टाके बघून येतो. त्यासाठी वर्गणी पुन्हा मागावी लागली.

दुसऱ्या खेपेला कोणी येईल असे मला वाटत नव्हते. पाच जण आले.

इथून अनमोड घाट उतरला की गोवा. तिथे २०१४ पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने सरकारच्या मदतीने जे केले ते आम्हां सीमेवरच्या लोकांनी पाहण्यासारखे आहे. गल्लोगल्ली हिंडून जाळी टाकून किंवा हाताने धरून कुत्र्यांना लस टोचायची, फोनवर त्याची जागेसह नोंद करायची, आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवायचे. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांपर्यंत हे काम गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०१८ व २०१९ ही दोन वर्षे माणसाचा एकही मृत्यू झाला नाही. यात भर लसीवर होता हे लक्षात घ्यावे. दहांपैकी सात कुत्र्यांना लस असली, की रोगाची साखळी तुटते. नसबंदी करायची ती यासाठी, की लस टोचलेली कुत्री जगावीत आणि बिनलसीची नवी पिल्ले कमी जन्मावीत. म्हणून आमच्या चिठ्ठीत दोन्ही एकत्र आहेत. पण रोगाला राज्याची हद्द कळत नाही. गोव्याचा कुत्रा टोचलेला आणि आमचा कोरा, असे असेल तर ती भिंत अर्धवटच राहते.

देशात रेबीजने वर्षाला किती माणसे जातात याचे अंदाज पूर्वी अठरा-वीस हजारांचे असत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने तो ५,७२६ वर आणला. माझ्या बाकावरचा मुलगा यांतल्या कोणत्याच आकड्यात नसेल. त्याच्या मृत्यूचे कारण गावच्या नोंदवहीत ‘ताप’ असे लिहिलेले मी पाहिले आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कुत्र्यांबाबत एक आदेश दिला, अकरा दिवसांत दुसऱ्या खंडपीठाने तो बदलला, आणि वर्तमानपत्रांत देश दोन पक्षांत विभागला. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत, ती परत तिथे सोडू नयेत, आणि आवारात कुत्री शिरू नयेत यासाठी प्रत्येक संस्थेने एक जबाबदार अधिकारी नेमावा, असा आदेश झाला. आमच्या शाळेत तो अधिकारी कोण असणार हे सांगायला नको. कंपाउंडची भिंत दोन ठिकाणी पडलेली आहे. दुपारच्या जेवणानंतर तीन कुत्री नेमाने येतात. तिन्हींच्या कानांना खाच आहे, तिन्हींची चिठ्ठी माझ्याच सहीची. बातमी वाचून मला पटांगणातली ती सकाळ आठवली, आणि पुढचे दोन दिवस मी भिंतीच्या दुरुस्तीसाठी दगड कोण देईल याची चौकशी करीत हिंडलो. दगड मिळाले आहेत. गवंडी सुपारीचा हंगाम संपल्यावर येतो म्हणाला.

परवा शाळा सुटल्यावर वरच्या वाडीतल्या एक आजी आल्या. टोपलीवर फडके बांधलेले होते आणि आतून आवाज येत होता.

‘मास्तर, ती पिवळी चिठ्ठी मांजरीला चालते का?’

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, चालेल, खर्च साधारण तोच. डबा काढला, एक चिठ्ठी घेतली, दोन्ही भाषांतला ‘कुत्रा’ हा शब्द पेनने खोडला, वर ‘मांजर’ लिहिले आणि खाडाखोडीशेजारी पुन्हा एकदा सही केली. आजींनी पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढली.